हद्दीबाहेरची शहरे : सातारा-सांगलीचे स्थलांतर

२०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ३ हजार ७४१ आणि सांगलीची २८ लाख २२ हजार १४३ भरली. त्याआधीच्या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती. सांगली ९ टक्क्यांच्या थोडी पुढे गेली. साताऱ्याला ७ टक्केही गाठता आले नाहीत. राज्यातले ४५ टक्के लोक तेव्हा शहरांत राहत होते. साताऱ्यात हे प्रमाण १९ टक्के होते, सांगलीत २५. एवढे आकडे पाहून हे जिल्हे नागरीकरणापासून दूर राहिले असे कोणी म्हणेल, तर त्याने एकदा पहाटे वाशीच्या बाजार आवारात जाऊन यावे. गोणी उतरवणाऱ्या टोळ्यांत त्याला जावळी, पाटण आणि कोरेगावचे हेल ऐकू येतील. सातारा-सांगलीच्या माणसांचे नागरीकरण भरपूर झाले आहे, पण ते त्यांच्या जिल्ह्यांच्या हद्दीबाहेर झाले: मुंबईत, नव्या मुंबईत, ठाण्यात, पुणे-पिंपरीत आणि सोन्याचांदीच्या गलाईच्या निमित्ताने देशभरच्या सराफ पेठांत. म्हणून इथल्या खेड्याचा हिशेब गावच्या वेशीपाशी थांबवला की तो चुकतो. घर एक आणि चुली दोन, एक गावात आणि एक शहरात, ही इथली जुनी रीत आहे.

या रीतीचे मूळ पावसात आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून दीडशे किलोमीटरच्या आत माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. सह्याद्रीच्या धारेवर जावळी, पाटण, महाबळेश्वर आणि शिराळ्याचा पश्चिम भाग. मधे कृष्णाकाठचा काळ्या मातीचा पट्टा, वाई, कराड, वाळवा, पलूस, मिरज. आणि पूर्वेला माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. डोंगरात पाऊस उदंड, पण उताराची माती तो धरून ठेवत नाही. नाचणी-वरी पिकवून घरातली सगळी तोंडे भरत नाहीत. पूर्वेला जमिनीचे तुकडे तुलनेने मोठे, पण पाऊसच नाही. त्यामुळे अगदी उलट कारणांनी दोन्ही टोकांच्या माणसांनी एकच वाट धरली. मधल्या बागायती पट्ट्यातूनही माणसे बाहेर गेली. मात्र ती उशिरा गेली, शिकून गेली, आणि त्यांच्या जाण्याला कोणी सहसा ‘स्थलांतर’ म्हटले नाही.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्याचे कारणही साधे आहे. १९४९ पर्यंत सांगलीचा मोठा भाग साताऱ्यातच होता. संस्थाने विलीन झाल्यावर १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. माण आणि आटपाडी यांच्या मधे आज जिल्ह्याची रेघ आहे. दुष्काळाने ती कधी मानली नाही.

मुंबईच्या वाटेची सुरुवात एकोणिसाव्या शतकातली. कापड गिरण्या वाढू लागल्या तेव्हा पहिली मोठी माणूसभरती रत्नागिरी जिल्ह्यातून झाली आणि पाठोपाठ घाटावरून, म्हणजे मुख्यतः सातारा, पुणे आणि कोल्हापूरकडून. भरती गिरणीच्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात असे. जॉबर आपल्या गावचा, भावकीतला, निदान तालुक्यातला माणूस आधी घेई, त्यामुळे एकेका खात्यात एकेका मुलखाची माणसे दाटली. माणूस एकटा जाई. गिरणगावात एका गावाच्या मंडळींनी मिळून घेतलेली खोली असे. पाळीप्रमाणे निम्मे लोक कामावर, निम्मे झोपलेले; ट्रंका भिंतीला, वळकट्या माळ्यावर. जेवण खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या बोलीने. सुगीला किंवा जत्रेला तो गावी गेला की त्याच्या जागी ‘बदली’ उभा राही. गिरणीमालकांना ही व्यवस्था स्वस्त पडत होती, कारण कामगाराचे म्हातारपण, आजारपण, बायकोचे बाळंतपण आणि मुलांचे वाढणे हा सगळा खर्च गाव उचलत होते. मुंबईच्या भरभराटीतला हा वाटा कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

गिरणीच्या जोडीने दुसरे क्षेत्र होते ओझ्याचे. मशीद बंदर, भात बाजार, गोदी आणि लोखंड बाजार इथे पोती वाहणारे, गाड्या भरणारे-उतरवणारे माथाडी कामगार मोठ्या संख्येने साताऱ्याच्या डोंगरी आणि कोरड्या तालुक्यांतले होते. त्यांना मालक नव्हता, हजेरीपट नव्हता, पगाराचा दिवस नव्हता. व्यापारी बदले, माल बदले, ओझे तेवढे तेच राही. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी स्वतः हमाली केली होती. १९६० च्या दशकात त्यांनी या माणसांची संघटना बांधली आणि त्या रेट्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. या कायद्याची रचना मुळातून पाहण्यासारखी आहे. एक मालक सापडत नाही, तर सगळ्या मालकांची मिळून नोंद करायची. कामगारांच्या टोळ्या नोंदवायच्या. मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही घ्यायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार आणि दवाखाना. कोणाचाच नोकर नसलेल्या माणसाला नोकरदाराचे हक्क देणारा इतका जुना आणि इतका नेटका कायदा देशात दुसरा दाखवणे कठीण आहे. तो घडवून आणला तो स्थलांतरितांनी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९८० आणि १९९० च्या दशकांत मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नव्या मुंबईत हलले. कांदा-बटाटा आधी गेला. मसाला, धान्य, भाजी आणि फळे मागून. माथाडीही मालामागे गेला. कोपरखैरणे, घणसोली आणि ऐरोलीत त्याची वस्ती झाली आणि पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर बायकामुले गावाहून शहरात राहायला आली. एकट्या पुरुषाचे स्थलांतर इथे कुटुंबाचे झाले. या एका बदलाने गावाशी असलेले नाते जितके पालटले, तितके आधीच्या पन्नास वर्षांत पालटले नव्हते. मनीऑर्डर आटली, कारण ती घ्यायला घरी कोणी उरले नाही. अण्णासाहेब पाटील मात्र हा काळ पाहायला राहिले नाहीत. आर्थिक निकषावर मराठा आरक्षण मागणारा मोर्चा मुंबईत काढल्यानंतर, मार्च १९८२ मध्ये, त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

खानापूर, आटपाडी आणि शेजारच्या तालुक्यांनी तिसरीच वाट काढली. विटा आणि आसपासच्या गावांतली माणसे गलाईच्या धंद्यात उतरली. सोनाराच्या दुकानातली धूळ, जुने दागिने, जरीचे कापड, भट्टीतला गाळ यांतून सोने आणि चांदी शुद्ध करून काढणे आणि त्यांचा टंच ठरवणे, हे ते काम. कोळशाची शेगडी, मूस, तेजाब आणि अंदाजाचा डोळा एवढ्या भांडवलावर ते सुरू होई. एक जण एखाद्या परक्या गावच्या सराफ पेठेत दुकान टाकी, मग मेहुणा, चुलतभाऊ, गावचा पोरगा हाताखाली घेई. पोरगा तयार झाला की पुढच्या शहरात स्वतःची भट्टी लावी. असे करत केरळ-तामिळनाडूपासून बंगाल, पंजाबपर्यंत जवळजवळ प्रत्येक मोठ्या सराफ बाजारात सांगलीचा माणूस पोहोचला. मुंबईच्या हमालाचे स्थलांतर सगळ्यांना दिसले, त्याची संघटना झाली, त्यावर साहित्य झाले. गलाईवाल्याचे तसे झाले नाही. तो विखुरलेला, धंदा गुप्ततेचा, आणि ज्याच्या हातात दुसऱ्याचे सोने आहे त्याने मोर्चा काढायचा तरी कोणाविरुद्ध? पण दुष्काळी तालुक्यांत शेतीला न शोभणारी टोलेजंग घरे दिसतात, गावच्या देवळाला नवा कळस दिसतो, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा कोईमतूर किंवा कोलकात्याची भट्टी असते. तेजाबाच्या वाफेने छाती धरलेली माणसेही त्याच घरांत असतात. अलीकडे यंत्रावर होणारी शुद्धी आणि हॉलमार्क यांनी छोट्या भट्ट्यांचे काम कमी केले आहे.

या साऱ्याहून जुने स्थलांतर मेंढपाळांचे. माण, फलटण, आटपाडी, जत भागातले धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन निघतात, कोणी कोकणात, कोणी बागायती शिवारात मेंढरे बसवायला, आणि पावसाला परत येतात. याला स्थलांतर म्हणावे की जगण्याची पद्धत, यावर वाद होऊ शकतो. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी १९५५ च्या ‘बनगरवाडी’ कादंबरीत धनगरांची अशीच एक वाडी दाखवली आणि शेवटी दुष्काळाने ती उठवलीही. मराठीत दुष्काळी स्थलांतराचे इतके संयत चित्र क्वचितच आले आहे.

गाव सोडणाऱ्या सगळ्यांचा गावाशी संबंध सारखा नव्हता. मराठा-कुणबी कामगाराचे नाव सातबारावर असे. भाऊ जमीन कसत असे. परत यायला जागा असे. दलितांचे तसे नव्हते. वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांचे कुटुंब १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पायी मुंबईला गेले, तेव्हा मागे सांभाळायला शेत नव्हते, आणि गावकुसाबाहेरच्या जगण्यात ओढ लावण्यासारखेही फारसे नव्हते. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव दाखल झालेले भीमराव आंबेडकर काही वर्षांनी कुटुंबासह मुंबईला गेले, तीही अशीच वाट होती. शहरातली चाळ कोंदट होती, पण तिथे महारवाड्याची हद्द रोज पायाखाली येत नव्हती. गावाविषयी हळवे होणारे बहुतेक लेखन जमीन असलेल्यांनी केले आहे, हे वाचताना विसरू नये.

स्वेच्छेने गेलेल्यांच्या शेजारी उठवून लावलेल्यांचीही नोंद हवी. १९५० च्या दशकात कोयना धरणाचे काम सुरू झाले आणि शिवसागर जलाशयात सुमारे शंभर गावे बुडाली. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये आला, म्हणजे ही माणसे उठल्यानंतर कितीतरी वर्षांनी. कोणी रायगड-ठाण्याकडे गेले, कोणी सोलापूर-सांगलीच्या कोरड्या रानात, आणि अनेकांनी सरळ मुंबईतल्या नातेवाइकाची खोली गाठली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने राहिलेल्यांचीही घरे पाडली. आज हा प्रकल्प १,९६० मेगावॅट क्षमतेचा आहे आणि त्याची वीज राज्याच्या कारखान्यांना पुरवली जाते. धरणामागच्या कांदाटी खोऱ्यात मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी लाँचने जावे लागते. १९८५ चे कोयना अभयारण्य आणि २०१० चा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांनी उरलेल्या वस्त्यांवर आणखी बंधने आणली. याच जलाशयाकाठच्या दरे गावचे कुटुंब ठाण्यात गेले आणि त्यातला मुलगा, एकनाथ शिंदे, रिक्षा चालवण्यापासून सुरुवात करून ३० जून २०२२ रोजी राज्याचा मुख्यमंत्री झाला. त्यांच्या यशात खोऱ्याची रिकामी घरे झाकली जाऊ नयेत.

शहर बंद पडले की गाव उघडे असते, हा भरवसा या व्यवस्थेचा कणा आहे. १८९६ च्या प्लेगात मुंबईतून माणसे गावाकडे लोटली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि संप लांबला तो गावच्या ज्वारीवर. याच काळातली एक घडामोड विशेष सांगण्यासारखी आहे. खानापूर तालुक्यात परतलेल्या संपकऱ्यांना गावात दुष्काळ भेटला. युनियनची सवय असलेली ही माणसे तिथे स्वस्थ बसली नाहीत. भारत पाटणकर आणि इतर कार्यकर्त्यांबरोबर त्यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. दुष्काळ हा केवळ पावसाचा नसून पाणीवाटपाचा प्रश्न आहे, हे तिने मांडले आणि येरळा नदीवर बळीराजा धरण लोकवर्गणीतून, नदीतल्या वाळूच्या विक्रीतून बांधले. त्या पाण्यात जमीन नसलेल्यांचाही वाटा धरला होता. मुंबईचा संप हरला; त्याचे एक फळ येरळेच्या पात्रात दिसले. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर पुन्हा माणसे परतली. या वेळी गावाने वेशीवर काठी आडवी टाकली, आलेल्यांना शाळेत चौदा दिवस ठेवले, आणि ज्यांच्या वर्गणीवर देऊळ बांधले त्यांच्याच नावाने कुजबुज केली. पण भाकरी दिली.

पाण्यानेच हा प्रवाह उलटवण्याचे प्रयत्न झाले आणि काही अंशी ते साधले. त्याआधी उपाय होता तो गावातच काम देण्याचा. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूरला १९६५ मध्ये रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खडी फोडायला का होईना, माणसे तालुक्यात राहिली. पुढचा टप्पा पाण्याचा. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा आटपाडीत भरू लागल्या. कृष्णा लवादाने दिलेले पाणी २००० सालापूर्वी अडवले नाही तर हक्कावर गदा येईल या धास्तीने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांना वेग आला. तरी कालव्याचे पाणी शेतात पोहोचायला अनेक ठिकाणी वीस-वीस वर्षे गेली. जतच्या सीमेवरच्या काही गावांनी पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जातो, असा ठरावही करून पाहिला. जिथे पाणी आले तिथला बदल ठसठशीत आहे. आटपाडीत डाळिंब, तासगाव-कवठेमहांकाळात द्राक्ष आणि बेदाणा यांनी गलाईवाल्यांच्या पुढच्या पिढीतल्या काहींना गावाकडे ओढले. मात्र परतलेला माणूस बहुधा भांडवल घेऊन परततो. रिकाम्या हाताने गेलेला आणि तसाच राहिलेला क्वचितच येतो. दुष्काळी रान हिरवे झाल्यावर त्याचा भाव वाढला, आणि ज्यांनी ते पडत्या काळात विकले ते कायमचे शहरात अडकले.

बागायती पट्ट्याची गोष्ट वेगळी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना आणि किर्लोस्करवाडी वसवली. कराडजवळ ओगलेवाडीला काचेचा कारखाना झाला. साताऱ्यात कूपरांनी नांगर आणि इंजिने केली. काम माणसाकडे नेता येते, हे या भागाने फार लवकर दाखवले होते. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी ते काही काळ पुढे चालवले. पण ऊस तोडायला या पट्ट्याचा माणूस फडात उतरला नाही. बीड आणि नगरकडच्या टोळ्या, तसेच शेजारच्या जतचेही मजूर, कोयता घेऊन कृष्णाकाठी येतात आणि सहा महिने पालात राहतात. म्हणजे ज्या जिल्ह्यांतून माणसे बाहेर जातात त्यांच्याच उसाच्या फडात दुसऱ्या दुष्काळाची माणसे येतात. स्थलांतरितांचा जिल्हा म्हणून या स्थलांतरितांशी तो अधिक मायेने वागला, असे मात्र म्हणता येत नाही.

कृष्णाकाठच्या मुलांना बाहेर नेले ते शिक्षणाने. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह चालवले, आणि कमवा-शिका योजनेतून शेतकऱ्याचे पोर पदवीपर्यंत पोहोचवले. त्या पदवीला गावात काम नव्हते. १९६० नंतर पिंपरी-चिंचवडचे कारखाने, मग पुण्याच्या संगणक कंपन्या यांनी ती पिढी घेतली. मुंबईची जागा पुण्याने घेतली आणि तीन-चार तासांच्या महामार्गाने शनिवार-रविवारचा गावकरी तयार झाला. गावाला शिकवणाऱ्या संस्थेनेच गाव रिकामे केले, असे कोणी म्हणेल. ते अन्यायाचे होईल. शाळा काढणाऱ्याने शाळा काढली. काम काढणारे आले नाहीत.

मागे राहिलेल्या गावाचे रूप जनगणनेतल्या एका आकड्यात दिसते. २०११ मध्ये राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. साताऱ्यात ९८८, सांगलीत ९६६. हा स्त्रियांचा सन्मान समजण्याची घाई करू नये. सहा वर्षांखालच्या मुलींचे प्रमाण त्याच वर्षी सांगलीत ८६७ होते आणि साताऱ्यातही ते ९०० च्या खालीच राहिले. मुली कमी जन्मत असताना बायका जास्त दिसतात, कारण पुरुष बाहेर आहेत. शेत, जनावरे, सासू-सासरे, सोसायटीचे कर्ज, मुलांची शाळा हे सगळे बाईवर येते. सातबारावर नाव मात्र तिचे नसते. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये सुरू झालेली माणदेशी महिला सहकारी बँक या पार्श्वभूमीवर समजते. घर चालवणाऱ्या बाईकडे पैसा होता, उलाढाल होती, पण पत नव्हती. अण्णा भाऊंनी ‘माझी मैना’ या छक्कडीत मुंबईतल्या नवऱ्याचा विरह गायला. गावातल्या मैनेची बाजू अजून तितक्या ताकदीने यायची आहे.

डोंगरी तालुक्यांत उतारावरची वावरे पडीक पडली. पडीक रानात झुडुपे वाढली, झुडुपांत रानडुकरे आणि गवे आले, आणि जो शेजारी अजून पिकवत होता त्यालाही पिकवणे परवडेना. एकाने गाव सोडले की दुसऱ्याला सोडणे भाग पडते ते असे. पाटणच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा कितीतरी खातेदार मुंबईत होते. ज्या माळाची किंमत त्यांना ठाऊक नव्हती तो माळ स्वस्तात गेला. सातबारावर पाच भावांची आणि त्यांच्या वारसांची नावे, कसणारा एक, विकायला सह्या सगळ्यांच्या, हे चित्र घरोघरी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत पट वीसच्या खाली आला आणि त्या समूह शाळांत मिसळण्याची चर्चा २०२३ पासून सुरू झाली. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. बागायत चांगली असली तरी वधूपिता आधी विचारतो ते पुण्यात नोकरी आहे का, फ्लॅट आहे का. गावात राहणे हे आता कर्तृत्व कमी पडल्याचे लक्षण मानले जाते, आणि हा परिणाम पडक्या वाड्यांपेक्षा खोल आहे.

तरीही गावावरची सत्ता बाहेर गेलेल्याने सोडलेली नाही. चैत्र-वैशाखातल्या जत्रेला मुंबईकर, पुणेकर येतात. छबिना, तमाशा, कुस्त्यांचे फड यांची वर्गणी त्यांची असते आणि मानपानही त्यांचे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मुंबईहून गाड्या भरून मतदार आणले जातात. रोज गावात राहून पाण्याच्या टाकीचे हाल भोगणाऱ्याइतकेच मत वर्षाकाठी दोनदा येणाऱ्याला असते. ग्रामविकासाचे पैसे कमान आणि सभामंडपाकडे जास्त, गटार आणि दवाखान्याकडे कमी का वळतात, याचे एक उत्तर इथे आहे.

जिल्ह्यांच्या हद्दीतली शहरे या सगळ्यात दुय्यम राहिली, पण वाढली ती बेशिस्त. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली. २०११ मध्ये तिची लोकसंख्या पाच लाखांवर होती. तिच्या विस्ताराचा मोठा भाग गुंठेवारीचा: शेतजमिनीचे तुकडे पाडून, बिनशेती परवानगीशिवाय विकलेले प्लॉट, मातीचे रस्ते, कूपनलिकेचे पाणी. घेणारे कोण, तर पूर्व भागातून आलेले मजूर, निवृत्त जवान, शिक्षक, मुलांच्या शाळेसाठी गाव सोडलेली कुटुंबे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ही घरे नियमित करण्याची सोय झाली. सोयी पोहोचायला पुढे फार वेळ गेला. पुराने या वाढीचा हिशेब मांडला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ओढे-नाले बुजवून पूरपट्ट्यात उभ्या राहिलेल्या वसाहती पाण्यात गेल्या आणि २०२१ मध्ये पुन्हा गेल्या. साताऱ्याची हद्दवाढ २०२० मध्ये झाली, तोवर शाहूपुरी, विलासपूर, गोडोलीत शहर केव्हाच पसरले होते. कराडच्या कडेला मलकापूरने चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग यशस्वी केला. छोट्या गावालाही नीट शहर होता येते, याचे ते जवळचे उदाहरण. उत्तरेला शिरवळ-खंडाळ्यात पुण्याचे कारखाने उतरले आहेत आणि तिथे आता खोल्या भाड्याने घेणारे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे आहेत. महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात ‘नवीन महाबळेश्वर’ची आखणी चालू आहे. ज्यांनी डोंगर सोडला त्यांच्या जमिनीवर शहरातले लोक बंगले बांधू पाहत आहेत.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यापुढे एक व्यवहारी अडचण आहे. इथले बहुतेक आकडे २०११ चे आहेत, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली असून माणसांची मोजणी फेब्रुवारीत व्हायची आहे. जत्रा त्यानंतर सुरू होतात. म्हणजे सातारा-सांगलीची गावे मोजली जातील तेव्हा त्यांतला मुंबईकर आणि पुणेकर घरी नसेल. तो नेहमीप्रमाणे कोपरखैरण्यात, पिंपरीत किंवा कोईमतूरला मोजला जाईल.